कडेचा केशरी

चौकटवाल्याच्या दुकानात मी शिरले ती भांडायच्याच तयारीने.

"माझ्या चित्राची कड कुठे गेली?"

तो वाकून काच पुसत होता. मान वर केली... आणि देवाने इतके शांत डोळे नेमके भांडणाच्या दिवशीच का दाखवावेत!

"कुठे जाईल, बाईसाहेब? चौकटीखाली आहे. बोटभर कड झाकावीच लागते. सगळ्यांचीच झाकतो."

"अहो, त्या बोटभरातच माझा केशरी होता! अख्खं चित्र त्याच्याकडेच तर धावतंय."

"धावतंय खरं," तो निरखत म्हणाला, "पण कोण? ना घोडा, ना माणूस."

"आनंद धावतोय. त्याला नाक-डोळे कुठून आणू?"

"मग चित्र पुरं झालं, हे कळतं कसं?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बाबांचं एकच — एखादं फूल तरी काढ. आणि आज ज्यांच्या दालनात प्रदर्शन होतं, त्या बाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "कोपऱ्यात एक पाखरू टाक, दर्शनी भिंत तुझी. नाहीतर जिन्याखाली."

"रंगवताना मी आपसूक गुणगुणायला लागते," मी म्हटलं. "गुणगुणणं थांबलं की ब्रश खाली. पुढचा फटकारा म्हणजे नुसती हुशारी. देवापुढे गाताना कुणी हुशारी दाखवतं का?" बाईंची पाखराची अटही मी त्याला सांगून टाकली.

"आणि पाखराचं काय ठरलं?"

"जिन्याखाली बसेन. पाखरू नाही."

त्याने पक्कड उचलली, खिळे उपटायला लागला. "मग हे टोक धरा. रागावायचं ते धरून रागवा."

दुपारभर लाकडाचा भुसा आमच्या केसांत उडत राहिला. त्याने नवी चौकट केली — चित्राला मागून धरणारी, कडेला कुठेच न टेकणारी, चारी बाजूंनी फट सोडून. केशरी मोकळा झाला. डिंकाने चिकट झालेली आमची बोटं एकदा एकमेकांना लागली. सोडवायची घाई मात्र दोघांनाही नव्हती...

संध्याकाळी चित्र जिन्याखालीच लागलं. तो धुतलेला शर्ट घालून आला, वाकून आत शिरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"वाईट वाटतंय?" त्याने हळूच विचारलं.

"छे! उद्या याहून मोठं सुरू करतेय. खोलीच्या दारातून निघणार नाही एवढं. चौकट तिथेच येऊन करावी लागेल."

"वेळ लागेल मग."

"लागू दे. जन्मभर लागला तरी—" वाक्य मी मागे घेतलं नाही.

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... बिऱ्हाडच आणावं लागेल."

"आणा की! कधी येताय?"

"तू म्हणशील तेव्हा."