पलीकडच्या उशीवर

बाइंडरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं ते त्याच्या मुलीने, जवळजवळ ओढतच. छापखान्यात पस्तीस वर्षं पुस्तकं शिवली, म्हणून सगळे त्याला बाइंडरच म्हणत. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तो एकटाच असायचा. मुलगी दोन दिवस राहायला आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, "बाबा, झोपेत केवढे दात खाता तुम्ही! भिंतीपलीकडून करकर ऐकू येत होती. डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

दात खायची सवय बाइंडरला नव्हती. ती त्याच्या बायकोला होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. तोंडात आरसा फिरवता फिरवता त्या समजावत होत्या. "घाबरू नका काका, उपाय पुष्कळ आहेत. रात्री दातांवर घालायचा पारदर्शक पट्टा करून देता येतो. झोपण्याआधी जबडा गरम फडक्याने शेकायचा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. फारच झालं तर जबड्याच्या स्नायूत इंजेक्शन. पण..." आरसा थांबला. "तुमचे दात तर मुळीच झिजलेले नाहीत. दात खाणाऱ्याच्या दातांची टोकं सपाट होतात."

"मग मी रात्रभर ऐकलं ते काय?" मुलीने विचारलं.

काय ते बाइंडरला ठाऊक होतं. दोन महिने तो ते ऐकत होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, उंदीर असेल. मग वाटलं, आपणच असू, म्हणून जीभ दातांमध्ये धरून तो पडून राहिला. करकर चालूच. दगडावर दगड घासावा तशी, मध्येच थांबायची, एक सुस्कारा, की पुन्हा सुरू. पलीकडच्या उशीवरून. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी हात मात्र आपोआप पुढे गेला. तीस वर्षं जसा जायचा तसाच, तिचा गाल जिथे असायचा तिथे.

"झोप गं..."

आवाज थांबला. उशी थंडगार होती. बाइंडर भिंतीकडे तोंड करून पोटभर रडला, आणि दुसऱ्या रात्री लवकरच अंथरुणाला पाठ टेकली.

हे कुणाला सांगायचं?

डॉक्टरबाई कॉम्प्युटरमध्ये बघत होत्या. "काका, तुमच्या घरचा एक पट्टा पडून आहे आमच्याकडे. काकू माप देऊन गेल्या होत्या. न्यायला कोणी आलंच नाही."

बाइंडरने मान खाली घातली. रोज सकाळी तिचं डोकं ठणकायचं, जबडा धरायचा. तो हसण्यावारी न्यायचा. झोपेतल्या गोष्टीला कसलं आलंय औषध! शेवटी ती एकटीच जाऊन माप देऊन आली. पट्टा तयार झाला त्याच आठवड्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

पट्ट्याची निळी डबी खिशात घट्ट धरून तो घरी आला. मुलगी संध्याकाळच्या गाडीने परतली. दिवा घालवण्याआधी त्याने पट्टा पलीकडच्या उशीवर ठेवला. "फार उशीर केला मी... पण आणलाय बघ."

त्या रात्री करकर झाली नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तेवढंच. बिचारीला एकदाची शांत झोप लागली, असं बाइंडरला वाटलं, आणि जिवाला बरं वाटलं. पण पहाटेपर्यंत ती शांतता त्याला खायला उठली. शेजारी कुणी आहे हे कळायची तेवढी एकच खूण होती, आणि तीच त्याने आपल्या हाताने बंद केली होती.

सकाळी पट्टा डबीत होता. धुतलेला. त्यावर पाण्याचे थेंब होते.

आठवडाभर असंच चाललं. आठव्या रात्री त्याला राहवेना. डबी कपाटात घालून त्याने कुलूप लावलं, किल्ली उशीखाली ठेवली आणि अंधारात कान टवकारून पडला. "एकदाच... एकदाच वाजव ना." नळ तेवढा ठिबकत राहिला.

उजाडलं तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं आणि डबी पलीकडच्या उशीवर होती. पट्टा त्याने खिडकीशी उजेडात धरला. आठवड्यापूर्वी काचेसारखा गुळगुळीत होता तो. आता त्यावर खोल खड्डे होते, ओळीने, वर्षानुवर्षं झिजवल्यासारखे. बाइंडर त्यांवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसला. एवढा त्रास होत होता तिला, आणि आपण तिचा पट्टा चोरून ठेवायला निघालो होतो! पुन्हा त्याने डबी लपवली नाही.

महिन्याभराने, भर दुपारी, दवाखान्यातून फोन आला. तिथली मदतनीस नवीन होती.

"काका, काकू आहेत का? सकाळी त्यांचा फोन आला होता, मध्येच कट झाला."

बाइंडरने फोन कानाशी घट्ट दाबला. "काय... काय म्हणाली?"

"पट्टा सैल होतोय म्हणाल्या. दात हलायला लागलेत, एकेक करून. आवाज फार लांबून येत होता, नीट कळलं नाही."

"वेळ दिलीत तिला?"

"देत होते. पण नको म्हणाल्या. गुरुवारी हेच माझ्याकडे यायचेत, मग दोघं मिळून बघू, म्हणाल्या... काका? ऐकताय ना?"

"ऐकतोय," बाइंडर म्हणाला आणि त्याने फोन खाली ठेवला.

घरात लख्ख ऊन होतं. वार बुधवार. त्याने कपाटातून आपला ठेवणीतला शर्ट काढला आणि इस्त्री तापायला लावली.