न रडता भेटणं

"अहो, हे काय अभद्र! भरल्या घरात गळे काय काढताय? पोटुश्या पोरीसमोर रडणं म्हणजे पाप आहे, पाप!"

रत्नप्रभाबाईंनी मानीबाईचे हात आभाच्या गळ्यातून चक्क ओढून काढले! यवतमाळच्या त्यांच्या घरात लेकीचं डोहाळजेवण रंगात आलेलं. फुलांचे दागिने घातलेली आभा पाटावर बसलेली, आणि फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरून आलेली तिची सासू तिला मिठी मारून सुरात रडत होती...

मानीबाईच्या ओठांवरचा सूर तिथंच विझला. कसं सांगावं या शिकल्यासवरल्या माणसांना? तांड्यात आपलं माणूस दिसांनी भेटलं की गळ्यात पडून रडायचं, रडता रडता सुखदुःख गायचं. कोरड्या डोळ्यांनी भेटलात, तर तुमच्या लेखी ते माणूस मेलं! त्याहून मोठं पाप तिच्या माय-आजीनं तिला शिकवलंच नव्हतं.

रडावं तर त्या घरचं पाप पोटातल्या लेकराच्या माथी, न रडावं तर आपलं पाप... मग त्या माउलीनं काय करावं? तिनं भेटणंच सोडलं! पायल जन्मली, बारसं झालं, पण भरल्या घरात रडणं अभद्र ते अभद्रच; ती गेली नाही. सून घरी यायची म्हटलं की ही बहिणीकडे दिग्रसला. व्हिडिओ कॉल आला की फोन नवऱ्याच्या, फकिराच्या हातात देऊन गोठ्यात जायची आणि नातीचा आवाज कान देऊन ऐकायची.

"याडी, तुले सून पसंत नाही काय?" आभाच्या नवऱ्यानं, प्रेमनं एकदा आईला विचारलंच.

"कापूस वेचाचा हाय रे," ती म्हणाली.

लोक म्हणाले, मोठी मानी बाई! तिनं तेही सोसलं.

यंदा आभाचे वडील, वामनराव गेले. फकिरा एकटाच भेटून आला. आणि दीडेक महिन्यानं, भर दुपारी, न सांगता न सवरता तांड्यावर ऑटो थांबला. आभा, पायल, आणि त्यांच्यामागून उतरलेल्या रत्नप्रभाबाई!

मानीबाईनं लांबूनच हात जोडले. "या, बसा. मी पानी आनतो."

"पाणी नको, मानीबाई." रत्नप्रभाबाई दोन पावलं पुढे आल्या. "हे गेले, तेव्हा सगळे म्हणाले, रडू नका, पाप लागतं, गेलेल्याची वाट अडते. मी डोळ्याला पदरही लावला नाही हो! आता जीव गुदमरतो... तुम्ही तरी माझ्याजवळ रडा. का आला नाहीत?"

"कशी येऊ? तुमीच तं म्हनलं होतं, पाप हाय. अन् आमच्यात न रडता भेटनं पाप. लेकराले कोनतंच पाप लागू नोये म्हून मी दूर राह्यलो, बाई..."

"याडी!" आभाचा आवाज चिरकला. "आणि मी समजत होते, परजातीची म्हणून मी तुम्हाला नकोशी..."

"अरे देवा!" रत्नप्रभाबाई तिथंच खाली बसल्या. "पाप तर मी केलं! माझ्या एका शब्दानं..."

मानीबाई त्यांच्याजवळ बसली. तिनं तोंड उघडलं... पण सूरच येईना! इतकी वर्षं गिळलेलं रडणं गळ्यातच आटलं होतं. ती भेदरून गेली.

तेव्हा रत्नप्रभाबाईंनीच तिला कवटाळलं. "अहो विहीणबाई... हे गेले हो... चहात साखर कमी म्हणून रोज भांडायचे हो... आता मी कुणाशी भांडू हो..." ना सूर, ना ताल! त्या वेड्यावाकड्या रडण्याला सावरायला म्हणून मानीबाईनं हलकेच सूर धरला, आणि धरला तो असा फुटला की शेजारच्या बायाही दारात आल्या.

पायल घाबरून आजोबांना बिलगली.

"भिऊ नोको पोरी," फकिरा डोळे पुसत म्हणाला, "तुही आजी रडून नाही राह्यली, भेटून राह्यली."

किती वेळानं मानीबाईनं विहिणीला सोडलं. तोंड पुसलं. समोर आभा उभी होती, तशीच, दोन हात अंतरावर; जवळ यावं की नाही, तिला अजून ठाऊक नव्हतं.

मानीबाईनं हात पसरले.

"ये वं माय... आता तुही पाळी."