पातळ पाइपाचा पिंजरा

धुक्यातून आधी इंजिनाचा आवाज आला, मग चार चाकांवरचा नुसता सांगाडा आला, आणि सांगाड्यात बसलेला माणूस इंद्रायणीला बघून किंचाळला.

तसं त्याचं चुकलं नव्हतं. श्रावणातल्या दिवेलागणीला, डिंगोरे गावच्या उसाकडेला, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेली बाई दिसली, तर शहाण्यानं किंचाळावंच. मुखवटा धंद्याचा, पट्टा बिबट्यानं मान धरू नये म्हणून. हल्ली या भागात सोन्याखालोखाल तोच खपतो.

"ताई... भिमाजी पाइपवाल्यांचं वर्कशॉप हेच का?"

तिनं मुखवटा वर केला. डोळे दिसले तशी त्यानं जीभ चावली. पण 'ताई' तोंडातून निघून गेली होती.

"हेच. आबांचा पाय मोडलाय, तवर मीच बघते. काय बनवायचंय, पावणं... तिरडी?"

"शर्यतीची गाडी हाय ही! घरीच बनवलीय."

पावणा डिंभे धरणाकडचा, नाव आदेश. दिवाळीनंतर माळावर हौशी लोकांची मातीतली शर्यत होती. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून वर पाइपांचा पिंजरा असल्याशिवाय तिथं कुणाला आत सोडत नव्हते.

"डोक्यामागं एक कमान बास. पॉलिहाउसचा पाइप टाका. हलका असतोय."

"त्यो गुलाबावर प्लास्टिक धरायला असतोय. तुमी गुलाब हाय का?"

"तुमी म्हनाल तसं."

इंद्रायणीनं झटकन मुखवटा खाली ओढला. हसू आलं की ती वेल्डिंग करायची.

मग तो रोजच यायला लागला. कधी धरणातले मासे घेऊन, कधी नुसताच. भांडण मात्र एकच. तिला जाड, बिनसांध्याचा पाइप हवा होता — पुढं कमान, मागं कमान, बाजूला आडवे दांडे. त्याला वजन नको होतं.

"गाडी बैलगाडी व्हईल, राव!"

"बैलगाडीतला मानूस घरी तरी येतो."

शेवटी एका संध्याकाळी तो म्हणाला, "मग दुसरीकडं जातो. तिथं एका कमानीत काम व्हतंय."

हो म्हणावं, तर हा त्या कमानीखाली मरणार. नाही म्हणावं, तर उद्यापासून येणार नाही.

"जावा," ती म्हणाली. "पण आधी अंदाज तरी बघा."

तिनं पॉलिहाउसच्याच भंगार पाइपांना वेल्डिंगचे नुसते टाके मारून गाडीवर अख्खा पिंजरा उभा केला. हेल्मेट घालून त्याला बसवलं, स्वतः शेजारी शिरली आणि पुढच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत दोरी ताणली. हेल्मेट दोरीच्या खाली राहायला हवं. दोरी धरता धरता तिचं मनगट त्याच्या मानेला लागलं...

"हलू नका."

"श्वाससुद्धा घेईना झालोय."

आणि तेवढ्यात रातकिडे थांबले.

कुत्री थांबली. उसाचं पातं हलेना. धुकं गाडीच्या कडेला येऊन, पाव्हण्यासारखं बाहेरच उभं राहिलं. मग वर काहीतरी बसलं. उडी नाही, धप्प नाही — दमलेलं माणूस ओट्यावर टेकतं तसं, सावकाश. दोन्ही कमानींना जोडणारा डोक्यावरचा पाइप कर्र करत खाली वाकला. दोरी सैल पडली. पाइप हेल्मेटला टेकला.

इंद्रायणीनं त्याचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं. बिबट्याला वास असतो. याला नव्हता.

"काकू!" तिनं हाक मारली. ती कुजबुजच निघाली, पण मागच्या घरातून सारजाकाकू बॅटरी घेऊन आली. प्रकाश पाइपावर फिरला. वर काही नव्हतं. भोवतीच्या चिखलात ठसा नव्हता.

"बिबट्याच आसंल. गेला," काकू मोठ्यांदा म्हणाली, आणि उसाच्या कडेला भाकरीचा तुकडा ठेवून घरात गेली. बिबट्या भाकरी खात नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

आदेश वाकलेल्या पाइपाकडे बघत राहिला. हेल्मेट आणि पाइप यांत बोट शिरत नव्हतं.

"जाड पाइप टाका," तो म्हणाला. "पुढं, मागं, बाजूला... सगळं."

"गाडी हळू पळंल."

"पळू द्या. नंबर नाय आला तरी चालंल. घरी यायला पायजे."

"कुनाच्या घरी?"

तो पाइपाखालून खाली सरकला. मग हेल्मेट काढून म्हणाला, "...तुज्या."

'तुमी' कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. इंद्रायणीनं त्याचा हात धरला. गार पडला होता. तिचाही.

"मग मापं दोन सीटची घेते," ती म्हणाली.

तेव्हा डोक्यावरचा पाइप कर्र वाजला आणि सावकाश वर जाऊन सरळ झाला. सैल दोरी पुन्हा ताठ झाली.

वर जे कोण बसलं होतं, ते आत्ता उठून गेलं होतं.