हिरवं बटण

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी यल्लूच्या छातीवरची टिकली थरथरली, तेव्हा तिच्या चिमटीत अर्धी चिरलेली काजूची बी होती. टरफलाचं तेल बोटं भाजून काढतं, म्हणून कारखान्यातल्या सगळ्याच बायका हाताला राख फासून बसत. मनगटावरच्या पट्ट्यातून नेहमीचा गोड आवाज आला, "ताई, बरं वाटतंय का?" पट्ट्यावर दोन बटणं होती. लाल म्हणजे 'मदत हवी', हिरवं म्हणजे 'बरी आहे'. यल्लूनं राखेच्या बोटानं हिरवं दाबलं आणि पुढची बी पात्याखाली धरली.

टिकली हे बायकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री ती 'हृदयसूचक' होती. तांदळाच्या पापडासारखी पातळ चकती, गळ्याच्या हाडाखाली डाव्या अंगाला चिकटवायची. हृदयातल्या विजेच्या लहरी आणि घामातली रसायनं वाचून तिला कळायचं, की हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडायला लागली आहे. तेही कळ यायच्या चाळीसेक मिनिटं आधी. सहा वर्षांपूर्वी सरकारनं घाटमाथ्यावर घरोघर ती फुकट वाटली. किणेवाडीत ती चिकटवत फिरलेली आशाताई म्हणजे शैला गावडे, यल्लूची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैत्रीण.

यल्लूनं त्या सकाळी हिरवं चार वेळा दाबलं. दहाला दहा कमी असताना तिनं डोकं टेबलावर टेकलं. शेजारणीला वाटलं, हसतेय. यल्लूला हसू आवरलं नाही की ती अशीच डोकं टेकून खांदे हलवायची. या वेळी खांदे हलत नव्हते, हे कळायला थोडा वेळ गेला.

आरोग्य केंद्र कारखान्यापासून अकरा मिनिटांवर होतं. पण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथं नव्हतं. ते कुठं ठेवायचं, हे सगळ्या पट्ट्यांवरची उत्तरं गोळा करणारा सरकारी हृदयनकाशा ठरवायचा. लहरींमध्ये गॅस, धाप, उचललेलं ओझं असं सगळंच मिसळतं, म्हणून नकाशा माणसाच्या शब्दाला मान द्यायचा. जिथली माणसं लाल दाबतील, तिथं इंजेक्शन आणि रात्रंदिवस परिचारिका. किणेवाडी नकाशावर हिरवीगार होती. गावाच्या वेशीवर 'हृदयस्नेही गाव' अशी पाटीही लागली होती. यल्लूला नेणारी गाडी त्याच पाटीखालून गेली.

तेराव्यानंतर यल्लूची मुलगी प्राजक्ता शैलाकडे आली. तिच्या हातात आईचा पट्टा होता, बटणाच्या खाचेत अजून राख.

"शैलामावशी, यात सगळं उमटलंय. नऊ दहाला हिरवं. बावीसला हिरवं. एकतीसला, चव्वेचाळीसला. चाळीस मिनिटं आईला कळत होतं, मग लाल का नाही दाबलं तिनं?"

शैला चुलीपुढून उठली नाही. उत्तर तिला ठाऊक होतं. टिकली आली त्या वर्षी पित्तानंसुद्धा ती थरथरायची. लाल दाबल्यावर तीनदा रुग्णवाहिका कारखान्याच्या दारात येऊन रिकामी परत गेली. मालक ओरडला, घरची माणसं हसली, आणि बायका शरमेनं टिकल्या काढून कपाटात ठेवायला लागल्या. तेव्हा शैलानंच सगळ्यांना बसवून शिकवलं होतं, "आधी हिरवं दाबायचं. घोटभर पाणी प्यायचं. मग बघू." लहान पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तसं घोकून घेतलं होतं. टिकल्या परत छातीवर आल्या, तेव्हा तालुक्यात तिचा सत्कारही झाला. नारळ आणि शाल.

"मी सांगितलं होतं तिला," शैला म्हणाली. "लाल दाबू नको म्हणून नाही. पण आधी हिरवं दाब म्हणून."

प्राजक्ता पट्टा पदरात गुंडाळून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाकीच्यांच्या पट्ट्यांतलं काढायचं का?"

चार महिने दोघी बारा वाड्या फिरल्या. प्राजक्ता फोनला जोडून पट्टे वाचायची, शैला बायकांना बोलतं करायची. एकशे अठ्ठावीस पट्ट्यांमध्ये लहर बिघडलेली होती आणि तरी हिरवं दाबलेलं होतं. का दाबलं, विचारलं की बायका हसायच्या. भाकरी तव्यावर होती. पाहुणे जेवत होते. म्हशीची धार अर्धी झाली होती. सासूबाई नुकत्याच झोपल्या होत्या. एकशे अठ्ठाविसांपैकी नऊ जणींचे पट्टे त्यांच्या सुनांनी आणून दिले. त्या नऊ जणींना विचारायची सोय उरली नव्हती.

सरपंचांना हे फिरणं आवडलं नाही. "अक्का, पाटी जाईल आपली. गावाची अब्रू हाय ती."

"जाऊ दे की," शैला म्हणाली. "पाटीला कुठं काळीज हाय बंद पडायला."

जिल्ह्याच्या जनसुनावणीला काजूच्या कारखान्यातल्या चाळीस बायका टेम्पोतून गेल्या. राख धुतली तरी बोटं काळीच. समोरचे साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

"किणेवाडीत गेल्या पाच वर्षांत लाल एकदाच दाबलं गेलंय," साहेब पडद्याकडे बघत म्हणाले.

"ते बी शेळीनं," मागून एक जण म्हणाली. "पट्टा चघळला तिनं."

साहेबही हसले. मग गंभीर झाले. "तुमची मागणी अशी आहे, की बाईनं हिरवं दाबलं तरी लहर बिघडली असेल तर माणूस घरी यावा, आणि इंजेक्शन केंद्रात असावं. पण बाई, ती स्वतः सांगतेय, बरी आहे म्हणून. सरकारनं बाईच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

प्रश्न खरा होता. प्राजक्तानं मावशीकडे पाहिलं. घरून लिहून आणलेला कागद शैलानं पिशवीत तसाच ठेवला.

"तो शब्द त्यांचा नव्हता, साहेब. माझा होता. मी पाठ करून घेतला त्यांच्याकडनं. आणि मला तरी कुणी शिकवलं? माझ्या आईनं. ती तर बटण नसतानाही 'बरी आहे' म्हणायची." तिनं मनगटावरचा पट्टा वर धरला. "यंत्र विचारतं, बरं वाटतंय का. आजवर आम्हाला ज्यांनी ज्यांनी तसं विचारलं, त्यांना एकच उत्तर हवं होतं. आम्ही तेच दिलं. आता कुणीतरी घरी येऊन, बसून विचारा."

सहा महिन्यांच्या प्रयोगाला मंजुरी मिळाली. केंद्रात इंजेक्शनं आली, रुबीना सिस्टर आली. नकाशावर किणेवाडी तांबडी झाली आणि वेशीवरची पाटी उतरवली गेली. बायका बघायला उभ्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्राजक्ता मात्र मोकळ्या खांबांकडे बघत म्हणाली, "पाच महिने आधी झालं असतं तर." शैलानं तिचा हात धरला.

चौथ्या आठवड्यात, दुपारी, शैला अंगणात काजूची बोंडं निवडत होती. फाटकाशी स्कूटर थांबली. रुबीना निळी पेटी घेऊन धावतच आली.

"अगं, कुणाकडे निघालीस एवढ्या घाईनं?" शैला म्हणाली. "बस जरा, चहा टाकते."

"अक्का, तुमच्याकडेच आलेय. तुम्ही हिरवं दाबलंत."

"मी? कधी?"

रुबीनानं तिचं मनगट उलटं करून पट्टा दाखवला. सव्वादोनला हिरवं. दोन चोवीसला हिरवं. बटणावर बोंडाचा ओला रस होता, शैलाच्याच बोटाचा. तिला टिकली थरथरल्याचं आठवत नव्हतं, आवाज आल्याचं आठवत नव्हतं. बोटानं परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं. आजचंच होतं हे, की असं किती वर्षं चाललं होतं?

रुबीनानं तिला भिंतीला टेकवून बसवलं, पेटी उघडली आणि तिच्या समोर मातीतच मांडी घातली.

"पट्टा राहू दे, अक्का. मला सांगा. कसं वाटतंय?"

शैलानं तोंड उघडलं. पाठीत कुठंतरी, पाट्याखाली दडपावं तसं काहीतरी होतं. सकाळपासून असावं, किंवा त्याच्याही आधीपासून. ओठांवर आलेला शब्द तिनं गिळला आणि दुसरा शोधू लागली. छप्पन्न वर्षांची बाई, आणि या प्रश्नाला दुसरं उत्तर काय असतं, हे तिला आत्ता या घडीला कुणाला विचारता येणार होतं?