गढूळ झरा

"आज ट्रक धुणं बंद आहे. मग पाणी गढूळ कसं?" ताई म्हणाली.

धरणाच्या पायथ्याशी कामगारांच्या घरांची एक ओळ होती. शेवटचं घर ताईच्या दोस्ताचं, चष्मेवाल्या ढापण्याचं. त्यामागे धरणातून झिरपणारा झरा कायम नितळ असायचा. सुट्टी लागल्यापासून तो चहासारखा दिसत होता. मोठा पूर पेलावा, दूरच्या गावांनाही पाणी पुरावं, म्हणून मातीच्या त्या धरणाची उंची वाढवत होते. पोरांनी विचारलं तेव्हा सुपरवायझरकाकांनी त्यांना उडवून लावलं होतं: वर ट्रक धुतात, त्याची घाण ती, जा खेळा.

ताईने बरणी भरली. हळूहळू तळाशी माती बसली. काका आता तोंडघशी पडणार म्हणून तिचा धाकटा भाऊ टिल्लू नाचू लागला. ताईला मात्र बाबांचं बोलणं आठवलं. तिचे बाबा धरणावर वेल्डर. झिरपणारं पाणी माती घेऊन येऊ लागलं की धरण आतून पोखरतं, मग पायथ्याशी वाळू-खडीचा भराव घालावा लागतो, हे त्यांनीच सांगितलं होतं. आणि भराव घालायचा तर तो या घरांच्याच जागी, म्हणजे घरं पाडावी लागणार.

ढापण्याची आई गेल्या वर्षी त्या शेवटच्या घरातच वारली होती.

"ओतून टाकू या," ताई हळूच म्हणाली. "मोठ्यांचं मोठे बघतील."

ढापण्या बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "खाली खोऱ्यात किती घरं आहेत, ताई. तिथेही कुणाची तरी आई असेल." त्याने बरणी उचलली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या इंजिनिअरबाई पाहणीला आल्या. सुपरवायझरकाका पोरांना ऑफिसच्या दारातच अडवून उभे. टिल्लूने पाय मुरगळल्याचं सोंग करून असा गळा काढला की काका तिकडे धावले, आणि ढापण्याने आत शिरून बरणी बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती हलवून पाहिली, कुठे, कधी भरली ते विचारलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. लगेच धरणाचे दरवाजे उघडून पाणी कमी करायला घेतलं. काकांना कामावरून काढलं. या तिघांनी अख्खं खोरं वाचवलं, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या पडल्या. ढापण्या खाली बघत उभा होता.

घरं पाडायला यंत्र आलं तेव्हा त्याने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. रिकाम्या खोलीत, आईची खाट असायची त्या जागी, तो जमिनीवर जाऊन बसला. त्याला कुणी घाई केली नाही. टिल्लू ताईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होता.

मग ढापण्या बाहेर आला. "पाडा आता," तो म्हणाला.