वाटीतला बल्ब

तो कवळ्या करायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवालाच म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. तासून, घासून, कणभरही खुपणार नाही अशी वस्तू लोकांच्या तोंडात बसवणाऱ्या माणसाला मोटारसायकलचा मागचा दिवा बदलणं म्हणजे डाव्या हातचा मळ. निदान दुपारी अंगणात गाडीमागे बसेपर्यंत त्याला तसं वाटत होतं.

जुनी गाडी धाकट्या भावाची. भाऊ मागच्या वर्षी तापाने गेला, अंथरुणातच. गाडीला त्याने कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. थांबायच्या आधी तो ब्रेक पायाने दोनदा हलकेच दाबायचा. मागचा दिवा दोनदा लुकलुकायचा, मग गाडी थांबायची. "मागच्याला आधी डोळा मारावा," असं म्हणून स्वतःच हसायचा.

आता ती गाडी कवळीवाल्याची मुलगी चालवत होती. ती नर्स होती, रातपाळीची. दवाखान्याच्या वाटेवर एक लांबलचक अंधारा रस्ता लागायचा, आणि काल तिथे एक टँकर तिला अगदी घासून गेला, कारण मागचा दिवा बंद पडला होता. घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. बाप हसला नाही. आज सकाळीच तो नवा बल्ब घेऊन आला.

लाल काचेचे स्क्रू काढून त्याने जुना, काळा पडलेला बल्ब वाटीत टाकला. ही त्याची कामावरची सवय. सुटी वस्तू वाटीत ठेवली की घरंगळत नाही. नवा बल्ब बसवला. दिवा ढिम्म. बल्ब थेट बॅटरीला लावून पाहिला तर ठणठणीत. मग दात तपासायचा छोटा आरसा आत घालून पाहिलं, तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. एका तारेचं टोक गंजलं होतं. ते घासून त्याने चकचकीत केलं, आणि दिवा लागला.

किल्ली बंद केल्यावर मात्र तो विझायला जरा वेळ लागला. डोळ्यांना भास झाला असेल, असं त्याने ठरवलं.

पुन्हा गंज चढू नये म्हणून त्याने बल्ब काढून वाटीत ठेवला आणि खोबणीत बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवला. शेजारच्या स्टुलावरच्या लाल काचेचा ठिपका भिंतीवर पडला होता. ऊन तर केव्हाच घरामागे गेलं होतं. तो वळून पाहतोय तोवर बायको दारात आली.

"अहो, एकदम भावजींची आठवण झाली. का कोण जाणे."

तेवढ्यात मुलगी हेल्मेट अडकवत बाहेर आली. "बाबा, आवरा ना! उशीर झालाय."

त्याने घाईघाईने काच बसवली, स्क्रू पिळले आणि मागे उभा राहिला. "चालू कर. ब्रेक दाब."

लख्ख लाल उजेड पडला. दोनदा.

"एकदाच दाब गं."

"एकदाच दाबलाय की!"

ती गेलीसुद्धा. वळणापर्यंत तो लाल दिवा स्पष्ट दिसत होता. त्याचा जीव भांड्यात पडला. हात पुसत त्याने स्टुलावरची वाटी उचलली.

वाटीत दोन बल्ब होते. एक काळा पडलेला. एक नवा.

त्याने मुलीला फोन लावला. नुसतीच रिंग. परत लावला.

"दिवा लागलेला मीही पाहिला," वाटीत डोकावून बायको म्हणाली.

अंधार पडला. दोघं फाटकातच उभी राहिली. मग फोन वाजला.

"बाबा, पोचले! आणि दिवा काय झकास झालाय! मधे कुत्रं आडवं आलं, मी कचकन ब्रेक दाबला. मागे ट्रक होता. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, 'ताई, तुमचा दिवा आधी दोनदा लुकलुकला म्हणून वाचलो आपण.' बाबा, तुम्ही दिवा मुद्दाम तसा केलात ना? काकांसारखं?"

"तू बरी आहेस ना?"

"मस्त आहे! का हो?"

तो पायरीवर बसला आणि खुशाल रडला. किती हलकं वाटलं त्याला! बाकी सगळं गेलं खड्ड्यात. पोर सुखरूप होती.

सकाळी मुलगी घरी येऊन झोपली. त्याने किल्ली खिशात टाकली आणि काच उघडली. खोबण रिकामी होती. ग्रीसवर त्याच्याच बोटाची रेघ होती, जशीच्या तशी.

त्याने नवा बल्ब बसवला, किल्ली फिरवून पाहिली. अंधार. म्हणजे काल दुपारीही तो या बल्बने लागला नव्हता.

बल्ब काढला. किल्ली पुन्हा खिशात टाकली. काच लावली, स्क्रू पक्के पिळले.

"सांभाळ रे तिला," तो म्हणाला.

लाल काच दोनदा उजळली. त्याने खाली पाहिलं. ब्रेकचं पेडल दबलेलं होतं. मग, कुणीतरी पाय उचलावा तसा, ते सावकाश वर आलं.