तृप्तीच्या कानाला चालेल असा की-बोर्ड

श्रावण अर्धा सरला होता. वरठीच्या स्टेशन रोडवर मारोतरावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याचा जिना चढताना तृप्तीला वाटलं, काका आज वर बसून खिळे निवडताहेत की काय! कड्कड्, टक्टक्, कड्कड्... लोखंडी घमेल्यात कोणी मूठ मूठ खिळे ओतावेत तसा आवाज तिच्या डाव्या कानातल्या मशीनमधून शिरत होता आणि थेट कपाळात जाऊन बसत होता.

वर येऊन पाहते तर खिळे नाहीत, काकाही नाहीत. समोरच्या रिकाम्या टेबलाशी एक मुलगा बसला होता. त्याच्यापुढे रंगीत दिव्यांचा जाडजूड की-बोर्ड होता आणि त्यावर त्याची बोटं अशी पळत होती, जणू मागे कुत्रं लागलंय.

दुकानावरची ही टिनाची खोली मारोतराव टेबलांच्या भाड्यानं देत. इंटरनेट चांगलं, इन्व्हर्टर पक्का, आणि खालून वेळेवर चहा. तृप्ती नागपूरच्या एका छापखान्यासाठी हस्तलिखितं टाइप करायची. इतके दिवस खोलीत ती एकटीच होती. आता हा!

त्यानं मान वर केली, हसला, काहीतरी बोलला. पण तोवर तृप्तीनं केसांखाली हात घालून मशीन काढली होती. डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली आणि पाठ फिरवून कामाला बसली.

लहानपणी तापात तिचा उजवा कान गेला, डावा मशीनवर चालायचा. मशीन काढली की जग काचेपलीकडे गेल्यासारखं व्हायचं. तिला त्याची सवय होती. केसांची बट कानावर ओढून मशीन झाकायची सवयही होती; ती तिच्या आईनं, मंदाबाईंनी लावलेली.

असे कित्येक दिवस गेले. तो यायचा, काहीतरी म्हणायचा, ती मान खाली घालून काम करायची. तो खट्टू होऊन आपल्या की-बोर्डाकडे वळायचा.

मग एका दुपारी पाऊस कोसळला. टिनावर जणू धानाची पोती रिकामी होत होती, पण तृप्तीसाठी सगळं शांत होतं. अचानक तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि टेबलावरचा हस्तलिखिताचा गठ्ठा सर्रकन बाजूला गेला. ती दचकून उठली. छतातून पाण्याची धार लागली होती. गठ्ठा आधी होता तिथेच... आणि आता त्या धारेखाली त्याची बाही भिजत होती.

तिनं घाईनं मशीन कानात घातली.

"तुमी हाक मारली होती?"

"कितीक डाव!" तो बाही पिळत म्हणाला. "आज नाही, रोजच मारतो. मले वाटलं, तुमी माझ्यावर रागावून राहिल्या."

"रागावली नाही. मशीन काढून ठेवते मी."

"कोणती मशीन?"

तृप्तीनं केस बाजूला केले. आपणहून असं कोणाला दाखवायची तिची ही पहिलीच वेळ.

"ऐकायची. ही नसली तं मले काही समजत नाही."

"मंग काढता काहून?"

"तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं?"

"तुमचा की-बोर्ड..." ती ओशाळली. "मशीन बारका आवाज मोठा करते ना. तुमी टाइप करता, तं मले वाटते कोणी कपाळावर खिळे ठोकून राहिलं."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा की-बोर्डाकडे. अरेरे म्हणाला नाही, बिचारी म्हणाला नाही. फक्त कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "बापा! म्हंजे मी येतो तवा तुमी कानच बंद करता?"

अशी ओळख झाली. त्याचं नाव भूपेंद्र, आंधळगावचा. घरी धानाची शेती, पण गावात नेट टिकत नाही म्हणून मोहाडीवरून मोटारसायकलनं रोज वरठीला यायचा. दिवसभर एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायची आणि संध्याकाळी मित्रांच्या टीमसोबत स्पर्धेचे गेम खेळायचे. तो की-बोर्ड त्यानं गेमच्या पहिल्या बक्षिसातून घेतला होता; त्यावर त्याचा भारी जीव होता.

दुसऱ्या दिवशी मात्र तो की-बोर्ड टेबलावर दिसला नाही. भूपेंद्र लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोटं आपटत होता. दर ओळीत चुकत होता, मनगट झटकत होता. तृप्तीनं ते अर्धा दिवस पाहिलं.

"आणा तो परत. मी काढीन मशीन, सवय हाये मले."

"मले नाही ना सवय," तो म्हणाला. "खोलीत दोन माणसं, अन् बोलायचं तं भिंतीसोबत."

आठवडा झाला असेल. त्यानं तिच्या टेबलावर तळहाताएवढा एक ठोकळा आणून ठेवला. त्यावर नुसती वेगवेगळ्या रंगांची बटणं होती. कशालाच जोडलेली नव्हती.

"हे स्विच. की-बोर्डाच्या बटणाखाली असते ना, ते. माझ्यातले निळे, आवाजासाठीच बनवलेले. पण सगळेच तसे नसतात. मी दाबतो, तुमी सांगा कोणता चालते."

"मी काय सांगू? तुमाले टाइप करायचं हाये, गेम तुमाले खेळायचा हाये."

"कान तं तुमचा हाये ना."

त्यानं निळं बटण दाबलं. तृप्तीनं डोळे मिटून घेतले. "खिळा."

तपकिरी. "हा... भुईमुगाच्या शेंगा फोडल्यासारखा. चालते, पण दिवसभर नाही."

लाल. "हा खाली जाताना चांगला, पण टेकला का टक् करते."

मग त्यानं पांढरट बटण दाबलं. ती वाट पाहत राहिली.

"दाबा ना."

"दाबलं!"

"खोटं."

"तुझी शपथ, दाबलं!"

दोघंही थबकली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते बटणासारखंच ऐकू आलं नव्हतं. तृप्तीनं हसू दाबत ठोकळा जवळ ओढला आणि आपणच ते पांढरं बटण दाबून पाहिलं. आत रबराची गादी असल्यासारखं बोट खाली गेलं आणि अलगद वर आलं. भरल्या पोत्यात बोट रुतावं, इतकाच आवाज.

भूपेंद्रनं तसल्या स्विचचा नवा की-बोर्ड मागवला. पण प्रेमात आणि की-बोर्डात पहिल्याच झटक्यात सगळं जमतं थोडंच? टाइप करायला तो लोण्यासारखा होता, गेममध्ये मात्र बोटं फसायची. बटण खाली टेकलं की नाही ते कळायचं नाही. त्या संध्याकाळी त्याची टीम हरली. दुसऱ्या दिवशीही हरली. तृप्ती आपलं काम संपवत बसली होती. हेडफोनमधून त्याला मिळणारे बोल तिला ऐकू येत नव्हते, पण त्याचा चेहरा वाचता येत होता.

"तू माझ्यासाठी हरू नको," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी कायले? मीच कच्चा खेळून राहिलो..."

"भूपेंद्र."

"बरं. थोडंसं तुझ्यासाठी."

मग दोघं मिळून शोधायला बसली. लोकांनी लिहिलेले अनुभव वाचले, व्हिडिओ पाहिले. त्याच आवाज न करणाऱ्या जातीत हलक्या स्प्रिंगचे स्विच मिळाले. बोट टेकवलं की गेलंच. जुने उपटून नवे बसवता येत होते. एका रविवारी त्यांनी चिमट्यानं एकेक स्विच काढला आणि एकेक बसवला. बोटं मध्येच एकमेकांना लागायची, मग दोघांनाही की-बोर्डातच फार काही पाहायचं असायचं. सगळं झाल्यावर तृप्ती म्हणाली, "अजून एक आवाज हाये. खडखड करते. ते सगळ्यात लांब बटण."

"स्पेसबार?" त्यानं कान लावला. "मले तं काहीच..."

"हाये. डाव्या बाजूनं."

त्यानं बटण काढलं. खालची तार खरंच ढिली होती. तारेला थोडं ग्रीस लावलं आणि खडखड गेली. भूपेंद्र तिच्याकडे असा पाहत राहिला, की तिला उगाच उठून खिडकी उघडावी लागली. शेवटी तिनं घरून जुन्या वाकळीचा एक तुकडा आणला आणि की-बोर्डाखाली अंथरला. टेबलाचा आवाजही विरून गेला.

त्या दिवसापासून मशीन डबीत गेली नाही. त्या खोलीत केवढं काय होतं, हे तृप्तीला तेव्हा कळलं. खाली काका गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचे. स्टेशनवर गाडीची घोषणा व्हायची. आणि भूपेंद्र... भूपेंद्र टाइप करताना गुणगुणायचा! अतिशय बेसूर.

"कोणतं गाणं होय ते?"

"ऐकू येते?" तो घाबरला.

"सगळं येते."

"मंग जुना की-बोर्ड काढू का?"

ती हसत सुटली. इतक्या मोठ्यानं, की खालून मारोतरावांनी विचारलं, "काय झालं वो पोरी?" मारोतरावांना बसवायला पांढरा स्विच कुठे मिळेल, अशी तिची पुढची चौकशी होती.

दिवाळीच्या आधी मंदाबाईंनी शहापूरचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीवाला, घरचे चांगले. "फक्त केस मोकळे सोडजो. मशीन दिसली नाही पाहिजे. मागून सांगू आपण."

तृप्तीनं हे भूपेंद्रला सांगितलं. का सांगितलं, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

"चांगलं हाये..." तो एवढंच म्हणाला. त्या दिवशी मिक्सर जळाल्याची तक्रार करणाऱ्या एका बाईला त्यानं 'अभिनंदन' असं उत्तर पाठवलं आणि कंपनीच्या साहेबाचा ओरडा खाल्ला.

पाहुणे आले त्या दिवशी तृप्ती आरशापुढे उभी राहिली. केस मोकळे सोडले... आणि मग सगळे वर घेऊन घट्ट अंबाडा बांधला. कान उघडा, मशीन उघडी. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तशी मुलाच्या काकूनं विचारलंच, "कानात काय वो हे?"

"ऐकायची मशीन. लहानपणापासून हाये. हिच्यामुळं तुमचं सगळं ऐकू येऊन राहिलं मले."

पाहुण्यांनी चहा घेतला, 'कळवतो' म्हणाले आणि गेले. दार लागताच मंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काहून केलं असं?"

तृप्ती आईजवळ बसली. "आई, लोकाईले अडचण होऊ नये म्हून मी सारी जिंदगी मशीन लपवली. अन् एका माणसानं माझ्या मशीनले त्रास होऊ नये म्हून आपला जीव की प्राण की-बोर्ड बदलला. मी मागितलंही नव्हतं. तवा मले समजलं, असंही होऊ शकते. आता लपवू कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाई तेलाची वाटी घेऊन लेकीच्या मागे बसल्या, वेणी घातली आणि कानावर आलेली बट स्वतःच्या हातानं मागे सारली.

दिवाळी झाली. आंधळगावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, भरली. 'आईले घेऊन ये' असं भूपेंद्र कधीचं म्हणत होता, तशा मायलेकी आल्या. पाळणे, बांगड्यांची दुकानं, भजी, भोंगे... मंदाबाई जिलबीच्या दुकानाशी थांबल्या आणि तृप्तीला गर्दीत भूपेंद्र दिसला. तो काहीतरी बोलला, भोंग्यात विरलं. त्यानं हातानंच खूण केली, 'चल.'

दोघं तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, आली. मंडईचा गलका मागे राहिला. खाली कापणी झालेल्या बांध्यांतून, त्या लहान लहान शेतांतून, धानाचे रचलेले पुंजणे उभे होते.

"शहापूरवाल्याईचं काय झालं?"

"नाही म्हणाले. मी मशीन दाखवली."

त्यानं श्वास सोडला, तो मशीनशिवायही ऐकू आला असता. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तिला ओठ दिसतील असा. "तृप्ती, मले तू आवडते. बहुत आवडते. मी... माझ्यासोबत लग्न करशील?"

तिनं मशीन कानात नीट दाबून बसवली.

"ऐकू आलं ना?"

"आलं. पण पुन्हा एकडाव ऐकायचं हाये."

त्यानं पुन्हा सांगितलं. तेवढ्याच साध्या आवाजात, पण आता कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तृप्तीचे डोळे भरून आले. "तुले माहीत नाही भूपेंद्र, तू माझ्यासाठी काय केलं ते. किती उपकार..."

"नाही नाही," तो कासावीस झाला. "उपकार वाटते म्हून हो म्हणू नको. तसं नको मले."

"उपकार तं मी मारोतकाकाचेही मानते," ती डोळे पुसत म्हणाली. "टेबल देते, चहा देते. त्याईच्याशी लग्न करू का?"

भूपेंद्र आधी बघतच राहिला आणि मग असा हसला, की पाळीवरचे बगळे उडाले. तृप्तीनं त्याचा हात धरला. उपकार होतेच, ते ती कशाला नाकारेल? पण ते मानता मानता मन कधीच पुढे निघून गेलं होतं.

"चल, आईले भेट."

"आत्ता?"

"आत्ता. जिलबी गरम हाये तवरच."

मंदाबाई पुडा घेऊन वळल्या, तर समोर लेक आणि तिच्या शेजारी एक उंच, घामेजलेला मुलगा. त्यानं वाकून नमस्कार केला. मंदाबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, दोघांचे अजून न सुटलेले हात पाहिले आणि भोंग्यावर आवाज चढवत विचारलं,

"कोणाचा होय वो हा पोरगा?"

"माझा," तृप्ती म्हणाली.